नागपुरात सलग चार-पाच दिवस वादळी पाऊस लागला तर घरात कोणत्या क्रमानं काय करायचं

मे महिन्यात दुपारी ४४-४५ चा पारा, चार वाजता पश्चिमेकडून आभाळ काळं, धुळीचा लोट, मग अर्धा तास धो धो आणि लाइट गुल, हे नागपूरकराला काही नवीन नाही. एखाद दिवस असं झालं तर बरंच वाटते, गॅलरीत खुर्ची टाकून भजी खातो आपण. पंचाईत होते ती रोज संध्याकाळी तेच व्हायला लागलं की, किंवा जून-जुलैत दोन-तीन दिवस पाऊस थांबायचं नावच घेत नसला की. मे २०२५ आठवा, देशभरात १९०१ पासूनच्या नोंदीतला सगळ्यात जास्त पावसाचा मे होता तो, कूलर भरायचा की रेनकोट काढायचा हेच कळत नव्हतं लोकांना.

माझं म्हणणं असं की पहिल्या दिवसाच्या वादळाला फार घाबरू नका, तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या वादळाला घाबरा. तोवर माती भिजून मोठ्या झाडांची मुळं सैल झालेली असतात, पहिल्या वादळाचा पालापाचोळा चेंबरमधे आणि गच्चीच्या जाळीत जाऊन बसलेला असतो, नाले-तलाव वर आलेले असतात, इन्व्हर्टरची बॅटरी धड चार्ज झालेली नसते आणि आपण मात्र "काल काही झालं नाही, आज काय होते" म्हणून निवांत असतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे हेच दिसलं. पावसाळाभर पाणी पिऊन झालेलं शहर, त्यावर चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी पात्राबाहेर, आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकर नगर भागातले लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. मोरभवनच्या बसस्टँडवर बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. तेव्हा तयारी रोजच्या रोज करायची, आणि ती सकाळी.

सकाळी का? उन्हाळी वादळाचा ढग जमीन तापल्यावर वर चढतो, म्हणून तो बहुतेक दुपारी तीन ते रात्री नऊच्या मधे येतो आणि सकाळचे सहा ते बारा तुम्हाला मोकळे मिळतात. गच्ची, झाड, वायर, चेंबर, काय ते या वेळात करून घ्या. मान्सूनमधे बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचं क्षेत्र विदर्भावर आलं की मग हे वेळापत्रक चालत नाही, तो पाऊस रात्री-बेरात्री कधीही येतो, त्यासाठी पुढे सातव्या पायरीत रात्रीचं वेगळं लिहिलंय.

पहिली पायरी : अंदाज कसा वाचायचा

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे "येत्या ४८ तासांत नागपुरात महाप्रलय" वाले मेसेज वाचू नका. सोनेगावला विमानतळाजवळ प्रादेशिक हवामान केंद्र आहे, ते जिल्हावार इशारा देतात, आणि तोच 'मौसम' अ‍ॅपवर पण दिसतो. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, रेड म्हणजे आता हातपाय हलवा. पण इशारा पूर्ण जिल्ह्याचा असतो हे ध्यानात ठेवा, काटोल-नरखेडपासून भिवापूरपर्यंत आपला जिल्हा पसरलाय, त्यामुळे ऑरेंज असून धरमपेठेत थेंब नाही आणि उमरेडला घरांवरचे टिन उडाले असं होऊ शकते. त्याला "हवामान खातं चुकलं" म्हणून मोकळं होऊ नका. अंदाजात "तुरळक ठिकाणी" लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ त्या भागातल्या जास्तीत जास्त चौथाई केंद्रांवर पाऊस, असा असतो.

आकड्यांचं पण बघून घ्या. २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर गेला की मुसळधार, ११५.६ च्या वर अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. हे २४ तास सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात, म्हणून सकाळच्या बातमीतला आकडा कालच्या रात्रीचा असतो. आता ७० मिमी दिवसभर सावकाश पडला तर शहर पिऊन टाकते, तोच दीड तासात पडला तर तुमच्या पार्किंगमधे येते. म्हणून सकाळी दिवसाचा अंदाज बघायचा आणि दुपारनंतर तीन-तीन तासांचा तात्काळ इशारा, ज्याला नाऊकास्ट म्हणतात, तो बघत राहायचा.

ज्यांना आवड आहे त्यांनी नागपूरच्या डॉपलर रडारचं चित्र उघडायला शिका, अवघड काही नाही, लाल-पिवळा पट्टा कुठं आहे आणि दहा-पंधरा मिनिटांत किती सरकला एवढं बघायचं. उन्हाळी वादळं बहुतेक वेळा वर्धा-अमरावती किंवा छिंदवाड्याच्या बाजूनं आपल्याकडे सरकतात. कोंढाळीच्या आसपास लाल पट्टा दिसला की गच्चीवरचे कपडे काढायला आणि गाडी झाडाखालून हलवायला वेळ मिळतो. विजेसाठी 'दामिनी' अ‍ॅप टाकून ठेवा, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं बनवलंय, तुमच्या भोवतालच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असली तर सांगते.

दुसरी पायरी : गच्ची

लोक घरात पाणी आलं की रस्त्याला शिव्या देतात, पण नागपुरातल्या बऱ्याच घरांत पाणी वरून येते. साधा हिशोब आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमची गच्ची हजार चौरस फूट म्हणजे जवळपास ९३ चौरस मीटर, एका संध्याकाळी ५० मिमी पडला की ४,६०० लिटरच्या वर पाणी झालं, टँकरभर. हे सगळं त्या एका-दोन पाइपांतून खाली जायचं असते आणि त्या पाइपाच्या तोंडाशी कडुनिंबाची पानं, मेलेलं कबुतर, मागच्या संक्रांतीचा मांजा आणि कूलरच्या जुन्या ताटीचं गवत अडकलेलं असते. पाणी अर्धा फूट साचलं तर स्लॅबवर १४ टनांचं वजन बसलं समजा. जुन्या घराला हे झेपेलच असं नाही.

म्हणून रोज सकाळी, हो रोज, गच्चीवर जा आणि जाळी हातानं साफ करा, मग एक बादली पाणी ओतून खाली किती वेगानं येते ते बघा. गुडगुड करत थांबून थांबून येत असलं तर पाइपात आत कुठंतरी अडकलंय, लांब बांबू किंवा प्लंबरची स्प्रिंग घालून मोकळं करा. जिन्यावरच्या टॉवरचं दार खालून सडलेलं असलं तर तिथूनच पाणी जिन्यात उतरते, उंबऱ्याला विटेचा एक थर आणि सिमेंट लावलं की काम झालं, दोन-चारशे रुपयांत होते. स्लॅबला भेगा असल्या तर भर पावसात वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावू नका, ओल्या स्लॅबवर ते धरत नाही आणि पैसे जातात. तेवढ्यापुरती जाड ताडपत्री टाका, कडा विटांनी दाबा, खरं काम पुढच्या उन्हाळ्यात.

गच्चीवरची सैल वस्तू म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर पडायची वस्तू. पत्र्याचा तुकडा, प्लायवूड, कुंड्या, रिकामी सिंटेक्स टाकी, सगळं. टाकी रिकामी ठेवूच नका, भरलेली टाकी जागची हलत नाही. डिशचे आणि पत्र्याच्या शेडचे नट-बोल्ट पाना घेऊन आवळा. सोलर पॅनेल असलं तर क्लँप बघा, पण वायरिंगला हात लावू नका, कारण घरातला मेन बंद केला तरी उजेड आहे तोवर पॅनेलच्या वायरमधे करंट असतोच. आणि "आमच्याकडे सोलर आहे, आम्हाला काय" म्हणणाऱ्यांसाठी : बॅटरी नसलेलं साधं ग्रिडचं सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद होते, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून तशी सोयच केलेली असते.

तिसरी पायरी : कूलर

याच्यावर मी जास्त लिहिणार, कारण वादळाच्या दिवसांत आपल्या गावात सगळ्यात घातकी वस्तू घराच्या खिडकीत बसलेली असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. लोखंडी बॉडी, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, पंपाची तीन वर्षं जुनी वायर, खाली फरशीवर ठेवलेलं एक्स्टेंशन बोर्ड, आणि वरून आडवा पाऊस. कूलरचा करंट लागून माणसं जातात, दर उन्हाळ्यात पेपरात वाचतो आपण.

आभाळ भरून आलं की कूलरचं नुसतं बटण बंद करू नका, प्लगच उपसून ठेवा. जुन्या वायरिंगमधे बटण कधीकधी न्यूट्रलवर लागलेलं असते, म्हणजे बटण बंद असून कूलरपर्यंत फेज पोचलेला असतो. बोर्ड फरशीवरून उचलून टेबलावर. अंगणातला किंवा गॅलरीतला कूलर स्टँडला दोरीनं नाही, तारेनं बांधा, आणि टाकी अर्धी भरलेली ठेवा, वजन राहते. वादळ झाल्यावर लगेच सुरू करायचा नाही. मोटरवर पाणी गेलेलं असू शकते, सकाळी ऊन दाखवा, कोरडं होऊ द्या, मग पायात रबरी चप्पल घालून लावा आणि बॉडीला आधी टेस्टर लावून बघा. उलट्या हातानं चापट मारून "करंट आहे का" बघायची आपल्याकडची पद्धत कृपया बंद करा.

घरात ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी नसला तर हजार-दोन हजारात येते ते बसवून घ्या. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला नाही, म्हणजे कोणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जाऊन राहिला, की हे क्षणात सप्लाय तोडते. साधी एमसीबी तसं करत नाही, ती वायर जळू नये म्हणून असते. बसवलेलं असलं तर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पावसात ते सारखं ट्रिप व्हायला लागलं तर वैतागून बायपास करू नका, कुठंतरी ओल शिरलीय हेच ते सांगून राहिलं.

चौथी पायरी : लाइट, पाणी, खाणं

वादळात लाइट गेली तर दोन तासांत येईल असं धरू नका, फांदी पडली असली तर रात्र जाते, खांब पडला असला तर जास्त. तक्रार १९१२ वर किंवा महावितरणच्या अ‍ॅपवर, त्यासाठी ग्राहक क्रमांक लागतो, बिलाचा फोटो मोबाइलमधे ठेवा म्हणजे अंधारात फाइल शोधत बसावं लागत नाही.

इन्व्हर्टरचा हिशोब बऱ्याच घरांत माहीत नसतो. साध्या १५० एएच बॅटरीतून खरे वापरायला मिळतात ते १,१०० च्या आसपास वॉट-तास. दोन जुने पंखे प्रत्येकी ७५ वॉटचे आणि तीन एलईडी, असे १८० वॉट चालवले तर सहा तासांत बॅटरी बसली. तेच कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे असले तर एक पंखा ३० वॉट, मग रात्र निघते. म्हणून सलग दिवसांत सगळ्यांनी एका खोलीत झोपायचं, एक पंखा, एक दिवा आणि वायफायचं राउटर, बस. लाइट असताना बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात, दोन तास लाइट येऊन परत गेली तर ती भरलेली नाही. बॅटरी जमिनीवर ठेवलेली असली तर विटांवर फूटभर उचला.

फ्रिज बंद ठेवला, सारखा उघडला नाही, तर आतलं साधारण चार तास टिकते. त्यानंतर दूध आधी संपवा, मटण-मासे वासावर विसंबून ठेवू नका, टाका. पिण्याचं पाणी लाइट असतानाच भरून ठेवा, माणशी दिवसाला तीन-चार लिटर तरी, दोन दिवसांचं. आरओ लाइटवर चालते हे लाइट गेल्यावरच आठवते. बाकी मुरमुरे, चिवडा, गूळ-शेंगदाणे, गॅसची दुसरी टाकी भरलेली, घरातल्यांच्या बीपी-शुगरच्या आठवडाभराच्या गोळ्या, इन्सुलिन असलं तर माठाजवळ ओल्या कपड्यात गुंडाळून, आणि टॉर्च. मेणबत्ती शक्यतो नकोच, वाऱ्यात पडदा पेटतो.

पाचवी पायरी : रस्त्यावरचं पाणी आणि उलटं येणारं पाणी

सिमेंट रस्ते झाल्यापासून अनेक लेआउटमधे रस्ता वर आणि घराचा ओटा खाली अशी गत झालीय. पूर्वी अंगणातलं पाणी रस्त्यावर जायचं, आता रस्त्याचं अंगणात येते. गेटशी कायमचा चढ करून घेणं हा खरा उपाय. तोवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत रेती अर्ध्याच्या थोडी वर भरा, तोंड दुमडून पाण्याच्या बाजूला करा आणि विटा रचतात तशा सांधा चुकवून रचा, आतून जाड प्लास्टिक. पूर्ण भरलेली गोणी गोल राहते, फटी पडतात आणि पाणी सरळ आत.

पण तळमजल्यावर राहणाऱ्यांना गेट अडवून भागत नाही. गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची लाइन, भरली की पाणी संडासच्या सीटमधून आणि बाथरूमच्या जाळीतून वर येते, तेही कसलं पाणी ते सांगायची गरज नाही. रेड अलर्ट असला किंवा घरासमोरचं चेंबर तोंडापर्यंत भरलेलं दिसलं तर जाड पॉलिथिनच्या पिशवीत रेती भरून, गाठ मारून, सीटच्या तोंडात दाबून बसवा, बाथरूमच्या जाळीवर पण तशीच एक. चेंबरचं झाकण स्वतः उघडून ठेवू नका, साचलेल्या पाण्यात ते दिसत नाही आणि माणूस आत जातो. फ्लॅटवाल्यांनी जमिनीखालच्या टाकीचं झाकण बघा, ते जमिनीच्या लेव्हलला असलं तर पार्किंगमधलं पाणी सरळ पिण्याच्या टाकीत. झाकणाभोवती सहा-नऊ इंचांचा कठडा उचलून घ्या, सोसायटीच्या मीटिंगमधे रंगाच्या आधी हा विषय घ्या.

सहावी पायरी : बाहेर असताना

विजेसाठी एकच मोजमाप. चमक दिसल्यावर सेकंद मोजायला लागा, तीनाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर तुम्ही पल्ल्यात आहात, पक्क्या घरात किंवा बंद काचेच्या गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. ऊन पडलं म्हणून लगेच बाहेर पडणाऱ्यांवर वीज पडते. झाडाखाली, बसस्टॉपच्या पत्र्याखाली, फुटाळा तलावाच्या काठावर सेल्फी काढत थांबायचं नाही. मोबाइल वीज ओढतो ही अफवा आहे, पण चार्जिंगला लावलेला मोबाइल कानाला लावू नका. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला बिनधास्त हात लावा, श्वास चालत नसला तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. अशी माणसं वाचतात.

गावाकडे आई-वडील असले तर आज फोन करून सांगा, दुपारनंतर शेतात लोखंडी तारेच्या कुंपणाजवळ थांबू नका आणि बैल झाडाला बांधू नका.

गाडीचं म्हणाल तर नरेंद्र नगर, मनीष नगर आणि लोहापूलचा अंडरपास जोराच्या पावसात विसरा. "आत्ताच एक गेला ना" म्हणून मागे घालू नका, त्याची गाडी उंच असेल. वाहतं पाणी घोट्याच्या वर, सहा इंच असलं तरी माणसाचा पाय सुटतो, फूटभर पाण्यात छोटी कार तरंगायला लागते. गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला पाठ करून द्या. इंजिनात पाणी ओढलं गेलं की रॉड वाकतो आणि साध्या फुल इन्शुरन्समधे पण कंपनी म्हणते की हे तुमच्या सेल्फ मारण्यानं झालं, इंजिन प्रोटेक्टचा वेगळा कव्हर घेतलेला असला तरच मिळते. गाडी सोडा, बाहेर या, नंतर टोइंग.

तार पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं समजू नका, दहा मीटर लांब रहा. गाडीवरच पडली तर आतच बसून राहा आणि ११२ लावा.

सातवी पायरी : रात्र

नाग, पिवळी किंवा पोहरा नदीच्या जवळ, एखाद्या नाल्याच्या काठी किंवा तलावाच्या खालच्या अंगाला राहत असाल तर हे झोपायच्या आधी. दुचाकी-चारचाकी संध्याकाळीच उंच जागी लावा, शेजारच्या गल्लीत का असेना. एका पिशवीत आधार, बँक पासबुक, रेशन कार्ड, घराची कागदं, इन्शुरन्सचे पेपर, गोळ्या, चार्जर, थोडी रोख, सगळं जाड पॉलिथिनमधे. मेन स्विच कुठं आहे आणि तो अंधारात कोण पाडणार हे ठरवा. वरच्या मजल्यावरच्या काकूंना आधीच विचारून ठेवा की रात्री पाणी आलं तर आजीला घेऊन वर येऊ. संकोच कसला त्यात. आणि घरातल्या एकानं रात्री दोनचा गजर लावून बाहेर एकदा बघायचं, सलग दिवसांत पाळी लावा.

पाणी आत यायला लागलं तर क्रम असा : पाणी बोर्डापर्यंत पोचायच्या आत कोरड्या जागी उभं राहून मेन बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद आणि सिलेंडर बांधून ठेवायचा कारण तो तरंगतो, मग माणसं वर, मग सामान. सोफा उचलायच्या नादात वेळ घालवू नका. मेन स्विचच पाण्यात असला तर त्याला हात लावायचा नाही, सरळ वर जायचं. बाहेर कमरेएवढं पाणी असताना निघायचा प्रयत्न करू नका, गच्चीवरून टॉर्च दाखवा, ११२, अग्निशमनला १०१, जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७.

आठवी पायरी : पाणी उतरल्यावर

झाडू हातात घ्यायच्या आधी मोबाइल घ्या. भिंतीवरची पाण्याची रेघ, फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, दुकान असलं तर माल, सगळ्याचे फोटो आणि एक सलग व्हिडिओ, ज्यात घराचा नंबर दिसतो. पंचनामा होईपर्यंत खराब सामान फेकू नका, फेकावंच लागलं तर फोटो काढून. २०२३ ला घरांना १०,००० रुपये आणि दुकानांना ५०,००० पर्यंत मदत जाहीर झाली होती, अशी मदत बँक खात्यात येते, म्हणून आधार आणि पासबुकावरचं नाव एकच आहे ना ते आधीच बघून ठेवा. पंचनाम्याला आलेल्या माणसाचं नाव, तारीख लिहून घ्या. इन्शुरन्स कंपनीला त्याच दिवशी ईमेल, फोनवर "सांगितलंय" याला पुरावा नसतो. घरात वीज पडून किंवा पुरात कोणाचा जीव गेला असला तर दुःखात सुचत नाही पण पोस्टमॉर्टेम करून घ्या, त्याच्याशिवाय वारसांना मिळणारी चार लाखांची शासकीय मदत अडकते.

भिजलेला फ्रिज, मोटर, इन्व्हर्टर "सुकला असेल" म्हणून लावू नका, इलेक्ट्रिशियननं बघितल्यावरच मेन वर करायचा. जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून, घासून, मग भरायची. नवीन पाणी भरल्यावर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर, आधी बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं पाणी टाकीत, आणि तासभर थांबून वापर. पिण्याचं तरी उकळूनच. तुरटीनं गढूळपणा जातो, जंतू मरत नाहीत.

चिखल काढताना गमबूट, हातमोजे आणि हातात काठी. साप कोरडी जागा शोधत घरात येतात, गादीची गुंडाळी, बूट, विटांचा ढीग आधी काठीनं हलवा. मण्यार रात्री झोपेत चावते, फारसं दुखत नाही, खूण पण नीट दिसत नाही, सकाळी पोटदुखी आणि पापण्या जड. असं वाटलं की मांत्रिक, चिरा मारणं, आवळून बांधणं काही नको, हात-पाय हलवू न देता मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यात. साप दिसला तर मारू नका, वनविभागाची १९२६ हेल्पलाइन आहे. वादळात बगळे-पोपट खाली पडतात, ते सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट सेंटरला, म्हणजे जखमी पशु-पक्ष्यांच्या उपचार केंद्राला, नेऊन देता येतात, पोरांना असे प्रकार बरोबर माहीत असतात.

पुढचे दोन आठवडे कोणाला ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून मेडिकलवाल्याकडून गोळी आणू नका. घाण पाण्यात पाय भिजले होते हे डॉक्टरला आपणहून सांगा, लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, संशय त्यावरून येतो, आणि गवतात काम केलं असलं तर तेही, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होणाऱ्या स्क्रब टायफसनं २०१८ ला आपल्याकडे बरेच लोक आजारी पडले होते. अंगावर त्या चाव्याची काळी खपली दिसते का बघा. आणि थंडावा आला म्हणून बंद केलेल्या कूलरमधलं पाणी काढून टाका, टाकी आतून घासून कोरडी करा, डेंग्यूचा डास त्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. पाऊस थांबून परत ऊन तापलं तरी लावायच्या आधी पंपाची वायर एकदा उचलून बघा, सोललेली असली तर टेप मारू नका, शंभर-दीडशे रुपयांत नवीन वायर येते.